लोढणं

२५ ऑगस्ट, रविवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस पार पडला. पाय ठणकताहेत, पण मी चक्क खूश आहे. दोन वर्षं कौशिक इथे दोह्यात गॅस प्लँटवर एकटा आणि मी नि उर्वी नाशिकला, असा अर्धामुर्धा संसार चालला होता. आता अल सद्दच्या फ्लॅटच्या दारात तिघांच्या चपला आहेत. सकाळी कौशिकने आम्हाला मुऐदरला शाळेत सोडलं. उर्वी सातवीला, मी शाळेची नर्स. माझ्यामुळे तिला फीमध्ये सवलत. इंग्रजी माध्यमाचा तिला जरा धसका आहे; नाशिकला ती मराठी शाळेत होती. गाडीत तोंड मात्र बंद नव्हतं. उंट कधी दिसणार, वाळूत पाय भाजतात का, आजीला व्हिडिओ कॉल किती वाजता.

शाळा म्हणजे मोठं प्रकरण आहे. ग्लेनॉरिन अकादमी. मूळची पार उत्तर स्कॉटलंडची, दीडशे वर्षांहून जुनी. एका पाद्र्याने कोळ्यांच्या आणि कुळांच्या पोरांसाठी काढलेली. पुढे गाव ओस पडलं, दगडी इमारत बंद झाली, आणि शाळेचं नाव तेवढं इथे दोह्यात आलं. मुख्याध्यापकांना इथे रेक्टर म्हणतात आणि पहिल्या नंबराच्या मुलाला डक्स. मला आधी बदकच वाटलं. वार्षिक समारंभाला म्हणे बॅगपाइप वाजवत मिरवणूक निघते, या उन्हात!

रेक्टरनी स्वतः शाळा दाखवली. सगळी इमारत काचेची नि चकचकीत, फक्त मधला एक हॉल वेगळा. जुन्या शाळेतल्या भिंतींच्या फळ्या, बाकं, मास्तरांचं उंच टेबल, सगळं कंटेनरमधून आणून इथे जसंच्या तसं बसवलंय. भिंतीला खुंट्या. एका खुंटीवर हाताएवढा लाकडाचा तुकडा, दोरीत ओवलेला, हाताळून काळा झालेला. फळ्यांबरोबर तोही आला, म्हणून तसाच टांगला, असं रेक्टर म्हणाले. मी म्हटलं, आमच्या मामाकडे दिंडोरीला पळपुट्या गुराच्या गळ्यात असंच अडकवतात, लोढणं म्हणतात त्याला. ते खूप हसले.

२ सप्टेंबर, सोमवार

क्लिनिक आता लावून झालं. दोन कॉट, इन्हेलर, बर्फाच्या पिशव्या, आणि गणिताच्या परीक्षेला पोट दुखणाऱ्यांसाठी ओव्याचं पाणी. कोरड्या हवेने मुलांचे घोळणे फुटतात. बहुतेक मुलं आपलीच: केरळ, हैदराबाद, पुणे, शिवाय सुदानी, इजिप्शियन, फिलिपिनो. सगळी इंग्रजीत बोलतात. एका सोलापूरच्या पोराला मी “काय रे, लागलं का?” विचारलं, तर त्याने आधी दाराकडे पाहिलं आणि मग इंग्रजीत सांगितलं की तो ठीक आहे.

एक गोष्ट चमत्कारिक. सातवीची मुलं अंग गार पडलं म्हणून येतात. त्यांचा वर्ग जुन्या हॉलमध्ये भरतो. मी जाऊन पाहिलं. खरंच गारठा आहे, आणि एसीचा नाही. ओला, अंगाला चिकटणारा. भिजलेल्या घोंगडीचा वास येतो. बाहेर उन्हात डांबर मऊ पडलंय आणि हॉलच्या खिडक्यांना आतून दव. मेंटेनन्सच्या तनवीरने नळ्या तपासल्या, काही सापडलं नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. मूर्ती एवढीशी, कौशिकने सुपरमार्केटमधून आणलेली, पण मोदक झकास झाले. उर्वीने सासूबाईंना कॉल लावून सगळं घर दाखवलं आणि वर्गातल्या गमती सांगितल्या. तिच्या बाकावरची सुमैया हैदराबादची आहे, छान आहे, पण शाळा सुटताना सगळी गप्प होतात ते तिला आवडत नाही. मी विचारलं, गप्प म्हणजे? तर म्हणाली, कुणाच्या गळ्यात आहे ते बघतात. मी विचारलं, काय आहे? तोवर आजीने मोदक किती खाल्ले विचारलं आणि विषय राहिला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सुमैयाची आई क्लिनिकमध्ये आली होती, ताहेरुन्निसा. बुरख्याचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. मी हिंदी बोलते कळल्यावर तिला रडूच फुटलं.

“सिस्टर, मेरी बच्ची मेरे को अंजान जैसा देख रई. मैं उर्दू में बोली तो पूछती, वॉट आर यू सेइंग? अपनी अम्मी को!”

डॉक्टर म्हणाले टेन्शन. कानाच्या डॉक्टरांनी कान चांगले म्हटले. मी सुमैयाला तपासलं. दोन्ही तळवे सुजलेले, त्यावर आडवे लाल वळ. मानेवर मागून बारीक ओरखडा, दोरी काचल्यासारखा. कुणी मारलं का विचारलं, तर तिने फार शुद्ध, फार जुन्या धाटणीच्या इंग्रजीत सांगितलं की तिचीच चूक होती.

वळ मी बघून ओळखते. हे पट्ट्याचे होते. रेक्टरना लेखी कळवलं. त्यांनी कॅमेरे तपासायला लावले. कुणीही मुलांना हात लावलेला नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

इतिहास शिकवणाऱ्या मिस मोराग जुन्या शाळेच्याच भागातल्या, उत्तर स्कॉटलंडच्या, निवृत्तीला आलेल्या. मी त्यांना वळांचं आणि मानेचं सांगितलं. त्या हॉलमध्ये कधीच पाऊल टाकत नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं. का, ते आज कळलं.

त्यांच्या आजीच्या काळी तिकडच्या शाळांत घरची भाषा, गेलिक, बोलायला बंदी होती. जो बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात तो लाकडाचा तुकडा. त्याने दुसऱ्याला बोलताना ऐकलं, बोट दाखवून नाव घेतलं, की लाकूड दुसऱ्याच्या गळ्यात. शाळा सुटायच्या घंटेला ज्याच्या गळ्यात ते असेल, त्याने हात पुढे करायचे आणि पट्टा खायचा. मास्तरांना मग लक्ष ठेवावंच लागत नसे. पोरंच एकमेकांवर कान ठेवून असत.

मोराग म्हणाल्या, आजीने मोठेपणी स्वतःच्या मुलांशी गेलिकमध्ये एक शब्द काढला नाही. कुणी बंदी केली नव्हती. विचारलं की ती नुसती मान चोळायची.

मी विचारलं, मग आता? त्यांनी सांगितलं की त्यांनी राजीनामा दिलाय, आणि म्हणाल्या, मुलीला इथून काढ.

घरी येऊन कौशिकला सांगितलं. तो म्हणाला, मुलांनी असला खेळ काढलाय, रेक्टरला सांगून बंद करायला लाव. खरंय. खेळच असणार.

२४ सप्टेंबर, मंगळवार

माझ्या हातून काय झालं कळत नाही.

उर्वी डबा गाडीत विसरली. मी हॉलच्या दारातून तिला दिला. ती धावत आली आणि मोठ्याने म्हणाली, “आई, लोणचं घातलंस ना?” एवढंच. सगळा वर्ग आमच्याकडे वळला. एकाच वेळी, एकसारखा, पाखरांचा थवा वळतो तसा. सुमैया उठून उभी राहिली. तिचा हात वर गेला, बोट उर्वीकडे, आणि तिने नाव घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी कडक आवाजात सगळ्यांना बसायला सांगितलं. बसली.

दुपारी गाडीत उर्वी सारखी मान चोळत होती. मी म्हटलं, घरी गेल्यावर आधी हातपाय धू. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ऐकू आलं होतं, पण कळलं नव्हतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

कौशिकची सुटी. त्याला दोन दिवस सांगतेय. त्याचं म्हणणं, “अगं, इथली सगळी पोरं तशीच करतात. कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत. आमच्या प्लँटवरच्या अवधूतची मुलं बघ.” मला वाटतं तो आतून थोडा सुखावलाच होता, महिन्यात पोरगी फाडफाड इंग्रजी बोलायला लागली म्हणून.

मी म्हटलं, हिला कळतच नाही. त्याने हाक मारली, “उर्वी, पाणी आण गं बाळा.” ती हसून म्हणाली, “सॉरी?” मग आजीचा कॉल आला. आजी बोलत राहिली. उर्वी स्क्रीनकडे शिष्टाचाराने पाहत होती, बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या बाईकडे पाहावं तसं. शेवटी तिने मला हळूच विचारलं, ही लेडी कोण आहे.

कौशिकने चहाचा कप खाली ठेवला आणि नंतर बोलतो सांगून कॉल बंद केला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

ताहेरुन्निसाचा फोन. हसत होती, रडत होती. सुमैया पुन्हा अम्मी म्हणाली. रोज थोडं थोडं परत येतंय, कालपासून तर भाऊ सांगेल ते सगळं कळतंय. मला दुआ देत होती. कधीपासून, विचारलं. मागच्या मंगळवारपासून.

म्हणजे उर्वीच्या गळ्यात आल्यापासून.

मी सुमैयाशी बोलायचं आहे म्हटलं. पोरगी फोनवर आली आणि हिंदीत एवढंच म्हणाली, “आंटी, मैं जानबूझ के नहीं करी. हाथ अपने आप उठता.”

२ ऑक्टोबर, बुधवार

रेक्टरच्या केबिनमध्ये गेले. ओरडले असेन. त्यांनी शांतपणे माझ्यासमोर ते लाकूड खुंटीवरून काढलं आणि आपल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. सिस्टर, हा फक्त लाकडाचा तुकडा आहे, म्हणाले. माणूस वाईट नाही. त्याला काही दिसत नाही, कारण त्याची घरचीच भाषा इंग्रजी.

खुंटी रिकामी झाली. काही फरक पडला नाही. ते लाकूड मुलांनी कधी वापरलंच नव्हतं.

उर्वीला शाळेतून काढली. खलास. मीही रजा टाकली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घरी ठेवूनही उपयोग नाही.

दुपारी मी पोळ्या करत होते. शाळा सुटायच्या वेळेला बाहेरच्या खोलीतून गारठा आला, तोच ओल्या घोंगडीचा वास. उर्वी दिवाणखान्याच्या मधोमध उभी होती. हात पुढे, एक तळवा दुसऱ्यावर ठेवून, वर. समोर कुणी नव्हतं. तिचे हात झटक्याने खाली गेले, पुन्हा वर आले. पुन्हा. मी धावत जाऊन तिला मिठी मारली, तिचे हात माझ्या पदरात गुंडाळले. पदरातसुद्धा हिसके बसत होते.

ती ओरडली नाही. झाल्यावर म्हणाली, “थँक यू, मिस.”

मला म्हणाली. मिस.

नाशिक तिला आठवत नाही. शाळा, गोदाघाट, तिचा कुत्रा, काही नाही. ते सगळं मराठीत घडलं होतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस मी तिच्याशी मराठीतच बोलते आहे. सतत. वाटलं, कुठेतरी धागा लागेल. ती ऐकते, पण मी बोलायला लागले की हात मांडीखाली घालून त्यांवर बसते. मला वाटलं थंडी वाजते. आज शाल घालायला गेले तर पाहिलं, उजवा हात मांडीखालून सुटायला धडपडत होता, आणि ती ओठ चावून त्याच्यावर सगळा भार टाकत होती.

मग कळलं.

ती माझ्यावर बोट दाखवत नव्हती. मी कोण हेही तिला आठवत नाही, आणि तरी नाही.

कौशिकला हे सांगितलं.  तो म्हणाला, माझ्यावर बोट दाखवू दे. मी म्हटलं, तू आत बोलला नाहीस कधी. तुझा आवाज त्या हॉलने ऐकलेला नाही. खरं-खोटं मलाही माहीत नाही. मला वेळ घालवायचा नव्हता.

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी कौशिक आंघोळीला गेल्यावर मी तिच्यासमोर बसले. मराठीत सांगितलं, तुझा जन्म झाला तेव्हा केवढा पाऊस होता, आजी रिक्षा कशी ढकलत आली, तुझं नाव कुणी ठेवलं. ती मान हलवत राहिली, नो, मिस, प्लीज, नो. मी तिचा हात ओढून बाहेर काढला. बारा वर्षांच्या पोरीचा हात, पण केवढा जोर! बोट माझ्याकडे धरलं. म्हटलं, घे माझं नाव. पूर्णिमा. म्हण.

म्हणाली.

पाठीमागून कुणीतरी माझ्या डोक्यावरून ओली दोरी घातली. हाताची बोटं मानेला लागली. मोठ्या माणसाची, गार, खडूने कोरडी पडलेली. त्याने दोरी नीट बसवली, माझा शेपटा त्यातून बाहेर काढला, काळजीपूर्वक. मी वळले नाही.

उर्वी म्हणाली, “आई गं, मान दुखतेय माझी.”

मराठीत.

८ ऑक्टोबर, मंगळवार

उर्वीचं सगळं परत येतंय. आजीशी तासभर बोलली. कौशिक रडला.

माझे तळवे सुजलेत. रोज दुपारी तो मास्तर येतो. दिसत नाही. आधी बाहीची सळसळ, मग. नर्सला सुजेवर काय लावायचं ते माहीत असतं, पण त्या डबीचं नाव — लिहिताना हाताला येतं, बोलताना नाही. काल भाजीवाल्याला सांगताना तो शब्द, हिरवी, पानांची, रोज करते मी ती —

लिहिलेलं अजून वाचता येतंय. म्हणून लिहिते.

१० ऑक्टोबर, गुरुवार

कौशिक बोलतो ते तुटक कळतं. रेडिओची खरखर मधे असावी तसं. त्याला खुणेने सांगितलं, इंग्लिश. तो ऐकत नाही. त्याने आणि उर्वीने ठरवलंय, माझ्याशी एकसारखं मराठी बोलायचं. औषध म्हणून. त्यांना वाटतं मी ऐकलं की परत येईल.

त्यांना कसं सांगू. मी ऐकते. तेच तर.

हात उठतो.

आज उर्वी माझ्या उशाशी बसून बोलत होती. माझ्या केसांवरून हात फिरवत. अर्थ कळला नाही, पण माझे कान — कुत्र्याचे होतात तसे. दोन्ही हात उशीखाली दाबून पडले. खांदा निखळेल असा ओढत होता.

शुक्रवार

सासूबाईंचा फोन होता. आवाज. नुसता. गोड म्हातारा आवाज. कोण ते कौशिकने इंग्लिशमध्ये सांगितलं तेव्हा कळलं.

कौशिकला सांगितलं, मला एअरपोर्टला सोड. एकटीला. कुठेही, जिथे कुणी माझ्या — जिथे आपलं कुणी बोलत नाही. तो नको म्हणाला. ही इज क्राइंग.

जुन्या पानांवर हात ठेवते. अक्षरं माझी आहेत. लोणचं. लोणचं म्हणजे —

शनिवार, बहुतेक

खोलीचं दार आतून लॉक केलं. उजवा हात ओढणीने कॉटला बांधला. डाव्याने लिहिते. वाकडं.

कौशिक घरी नाही.

ती दाराबाहेर आहे. मुलगी. छोटी. दारावर थापा. काहीतरी सांगते. रडते. एकच शब्द पुन्हा पुन्हा. दोन अक्षरं. आ — मला माहीत होता तो. आत्तापर्यंत होता.

गप्प बस बाळा. प्लीज. स्टॉप टॉकिंग. मी ओरडले, इंग्लिशमध्ये, ती आणखी जोरात —

गारठा आला. वास. तो माझ्यामागे उभा आहे, वाट बघतो. घंटेला अजून वेळ आहे, तिला सांगायला हवं, जा, खाली जा, बोलू नकोस माझ्या —

तिने किल्ली आणली. बाहेरून. दार —

गाठ सुटते आहे. मी नाही सोडत. हात आपोआप

तिचं नाव मी घेणार नाही. तिचं नाव मला आठवत नाही, बरं झालं, आठवत ना— उ